बारीक होत गेलेलं विमान

फेब्रुवारी लागला की बीडजवळच्या पालीचं तळं मागे सरकायला लागतं. रोज थोडंथोडं. बिंदुसरा नदीचं पाणी धरणाच्या भिंतीकडे जातं आणि मागे काळ्या गाळाची सपाट जमीन उघडी पडते. सुरुवातीला तिच्यावर पाय ठेवला तर गुडघ्यापर्यंत आत. मग वरचा थर वाळतो, त्याला भेगा पडतात, आणि गावातली माणसं दोऱ्या लावून आपापले तुकडे आखून घेतात. खरबुजाचं बी पडतं. याला गाळपेर म्हणतात. पाऊस येऊन पाणी पुन्हा चढेपर्यंत ही जमीन शेती असते, नंतर पुन्हा तळं.

मला खरबुजात रस नाही. मी तंत्रनिकेतनात यंत्रांची ड्रॉइंग शिकवतो, आणि या दिवसांत मला एकच गोष्ट माहीत करून घ्यायची असते: माणूस न रुतता धावू शकेल इतकी जमीन वाळली का, आणि वेल पसरायला अजून किती दिवस आहेत? या दोन गोष्टींच्या मधे जो काही काळ सापडतो तो माझा हंगाम. एखाद्या वर्षी तो तीन आठवड्यांचा असतो, एखाद्या वर्षी नसतोच.

काल संध्याकाळी जाऊन आलो. टाच मारून पाहिली. वरचा पापुद्रा फुटला, खाली ओल आहे, पण वजन पेलतंय. परत येताना तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी आठवत राहिला. तो हंगाम दोन शब्दांत सांगता येतो. हनीफचे डोळे जात होते आणि मी विमान बारीक करत होतो.

हनीफ माझ्या वर्गातला. सातवीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे मी डिप्लोमाला गेलो आणि तो वडिलांच्या हाताखाली फर्निचरला पॉलिश करायला लागला. बीडमधल्या बऱ्याच घरांतले पलंग, कपाटं आणि देव्हारे त्याच्या हाताखालून गेलेत. लाकडाचा पातळ पापुद्रा चढवणं, ज्याला सगळे विनिअर म्हणतात, यात त्याच्याइतका सफाईदार माणूस मी पाहिलेला नाही. त्याला काचबिंदू झाला होता. यात नजर कडांकडून मिटत येते आणि गेलेली परत येत नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी त्याला हे दिवाळीतच सांगितलं होतं. त्यानं ते बायकोशिवाय कुणाला सांगितलं नाही. पॉलिशवाल्याचे डोळे जातायत हे गावाला कळलं की कपाट कोण देणार? मलाही सांगितलं नाही. मी गावात मोडतो, हे मला नंतर समजलं आणि लागलं.

रेडिओच्या रिमोटवर चालणारी छोटी विमानं मी पूर्वीही केली होती. जाड पंखांची, फुगीर पोटाची, आरामात तरंगणारी. त्या दिवाळीनंतर मात्र मी ठरवलं की हळू उडणारं काही करायचं नाही. हवा ज्याला कुठेच धरू शकणार नाही असं एक विमान करायचं. पन्नाशीला आलेल्या माणसानं असं काही ठरवू नये असं बायकोचं मत होतं. तिनं ते एकदाच सांगितलं आणि पीठ मोजायचा तिचा काटा मला देऊन टाकला, कारण तो मी तसाही घेतलाच असता.

वेग वाढवायला ताकदवान मोटार लावायची, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. माझे विद्यार्थीही परीक्षेत तेच लिहितात. मोटार वाढवली की बॅटरी वाढते, बॅटरी वाढली की वजन वाढतं, वजन वाढलं की पंख मोठा लागतो, आणि मोठ्या पंखाला हवा जास्त अडवते. म्हणजे फिरून तिथेच. खरा रस्ता काढून टाकण्याचा आहे. चाकं काढली. विमान हातानं फेकायचं आणि पोटावर उतरवायचं. पंखाच्या कडा हलवणाऱ्या छोट्या मोटारी पंखाच्या आत गाडल्या. त्यांच्या तारा बाहेर दिसत होत्या, त्याही आत घेतल्या. बॅटरीच्या झाकणाचा खटका काढला आणि झाकण चिकटपट्टीनं बंद करायला लागलो. एकेक वस्तू काढताना मला जे समाधान व्हायचं ते काही मिळवतानाही झालेलं नाही. स्वभावच तसा असावा.

पंख थर्माकोलचा. गीझरच्या जुन्या कॉइलची तार ताणून, तापवून, तिनं तो कापायचा. त्यावर विनिअर चढवून दाबून ठेवायचं. इथे हनीफ आला. केजला एका लग्नाच्या फर्निचरचं काम चालू होतं, तिथल्या उरलेल्या विनिअरची सुरळी काखेत मारून तो माझ्या पत्र्याच्या शेडमधे उभा राहिला.

"कावून बोलावलंस?"

मी पंख दाखवला. त्यानं तो हातात घेतला, वजन पाहिलं आणि हसला.

"ह्याला पॉलिश? हे तर फुंकलं तर जाईल बे."

"तेच पाहिजे."

त्या थंडीत तो रोज सकाळी कामावर जायच्या आधी तासभर येत होता. शेडमधे सरसाचा, स्पिरिटचा आणि लाखेचा वास भरून राहायचा. तो आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग पाण्यातला कागद असं करत जायचा. शेवटी मलमलीत कापूस बांधलेली गादी घेऊन लाखेचा हात. प्रत्येक हातानंतर मी पंख बायकोच्या काट्यावर ठेवायचो आणि ओरडायचो. दोन ग्रॅम वाढले. तीन ग्रॅम वाढले. तो शांतपणे म्हणायचा, "उद्या घासून काढतो." आणि खरंच काढायचा. वजन पूर्वीइतकंच आणि चकाकी मात्र वाढलेली. हे तो कसं करतो ते मला आजही नीट कळलेलं नाही.

तपासायची त्याची एक पद्धत होती. डोळे मिटायचे आणि नखांची पाठ पंखावरून हलकेच ओढायची. कुठे खाच असली की नख अडखळतं म्हणे. मी त्याचं कौतुक करायचो. एकदा तो शेडच्या चौकटीला खांदा आपटून आत आला, दुसऱ्यांदा बाजूला ठेवलेला चहा त्याच्या कोपरानं सांडला. मी म्हणालो, तू हल्ली फार धांदरट झालास. त्यानं मोटरसायकल चालवायचं सोडलं होतं आणि माझ्या मागे बसून यायला लागला होता. तेही मला सोयीचंच वाटलं. ड्रॉइंगच्या पेपरात अर्ध्या मिलिमीटरची चूक मला लांबून दिसते. हे दिसलं नाही.

एक प्रसंग मात्र मी पुन्हापुन्हा उलटून पाहतो. डिसेंबरच्या शेवटी पंख जोडून पहिल्यांदा विमान पूर्ण उभं राहिलं. टोकापासून टोकापर्यंत मीटरभर. पंखाची जाडी रुंदीच्या मानानं इतकी कमी की समोरून पाहिलं तर नुसती एक रेघ. हनीफनं ते दोन्ही हातांत धरलं, नाकासमोर आणलं, मग हात लांब करून पाहिलं.

"थोडं मोठं कर ना."

"मोठं केलं की हवा अडवते."

"जरा रुंद तरी. वर गेल्यावर दिसाया नको का?"

मग मी त्याला समजावलं. फळ्यावर शिकवतो तसंच समजावलं, खडू तेवढा नव्हता. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून प्रत्येक मिलिमीटर महाग. बारीक विमान लवकर दिसेनासं होतं हे खरं, पण तो भाग उडवणाऱ्यानं सांभाळायचा असतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "चौपट?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी शेडमधे जाऊन पाहतो तर त्यानं रात्री बसून विमानाचं धड माझ्या ड्रॉइंगपेक्षा दोन मिलिमीटर अजून बारीक घासून ठेवलेलं. पंख आणि धड जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, हवा तिथे घोटाळते असं मी बोलून गेलो होतो, त्यानं बोटानं पुट्टी ओढून असा उतार दिला होता की सांधा सापडू नये. मला आनंद झाला. शिकवलेलं समजलं, असं वाटलं. त्या रात्रीत त्यानं काय सोडून दिलं असेल याचा मी विचार केला नाही.

त्या वर्षी पाणी लवकर हटलं आणि जानेवारी संपताना जमीन वाळलीही. एका सकाळी आम्ही पालीला गेलो. हवा थंड, पाण्यावर पक्षी, लांब भिंतीवर एक माणूस सायकल ढकलत चाललेला. हनीफनं विमान खांद्यावर धरलं, चार पावलं पळाला आणि सरळ फेकलं. तो फेकायचा छान. विमान खाली न वाकता गेलं. पुढचं मिनिटभर मी काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. अशा विमानावरून नजर हलवता येत नाही. पापणी लवली की ते दुसरीकडे असतं. सुईसारखा आवाज डावीकडून उजवीकडे ओढला जायचा आणि थोड्या वेळानं परत. वेग मी नंतर मोजला. आकडा लिहीत नाही, कारण हनीफनं तो बीडभर इतका वाढवून सांगितलाय की खरा आकडा आता केविलवाणा वाटेल.

उतरवताना घोळ झाला. मोटार बंद केली, खाली आणलं, आणि ते थांबेचना. कमरेच्या उंचीवरून आमच्या समोरून निघून गेलं. पुन्हा फिरवून आणलं, पुन्हा गेलं. मी तीन महिने खपून हवेचा सगळा विरोध काढून टाकला होता आणि आता त्याला अडवायला जगात काही उरलं नव्हतं. ड्रॉइंगमधे हे मला दिसायला हवं होतं. तिसऱ्या खेपेला ते जमिनीवरून घसरत आम्ही उतरवायला आखलेल्या पट्ट्याच्या पार गेलं आणि खरबुजाच्या दोन आळ्यांमधून जाऊन थांबलं.

आळी गावातल्या गयाबाईची होती. ती खुरपं घेऊनच आली.

"ही काय तऱ्हा? इमान उडवाया दुसरी जागा न्हाई का तुमाला? पोरंबाळं हायती इथं. कुणाच्या तोंडाला लागलं म्हंजी?"

मी चुकलं म्हणालो. विमान किती हलकं आहे, पोट मऊ फोमचं आहे, असं काहीबाही सांगत राहिलो. तिनं ते ऐकलं नाही. ती हनीफकडे बघत होती. हनीफ मोडलेली रोपं सावरायला खाली बसला होता आणि शेजारचं धडधाकट रोप त्याच्या गुडघ्याखाली चिरडलं जात होतं. गयाबाईनं त्याचा दंड धरून त्याला उठवलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

"ऱ्हाऊ द्या भाऊ. मी करते."

मग तिनं अट घातली. सकाळी उन्हाच्या आत यायचं, तिनं सांगितलेल्या बाजूलाच उतरवायचं, आणि वेल पसरायला लागले की त्या वर्षापुरतं बंद. ती आम्हाला दिवस सांगेल. तिचं बोलणं इतकं ठाम होतं की मी मान हलवली.

पुढचे तीन आठवडे मी उतरवण्याची सोय करण्यात घालवले. पंखाच्या मागच्या दोन्ही कडा एकदम वर उचलल्या की पंखाची उचल मरते आणि विमान खाली बसतं. त्याची किंमत अशी की त्या अवस्थेत ते हळू झालं तर एकाएकी एका बाजूला कोसळतं. वेगात आणायचं आणि वेगातच टेकवायचं, दुसरा उपाय नाही. हनीफनं त्या कडांच्या फटी रेशमी कापडाच्या पट्टीनं झाकून त्यावर पुन्हा लाखेचा हात दिला. प्रत्येक उड्डाणानंतर तो मला विचारायचा, वळताना कसं वाटत होतं? उन्हात चमकलं का? पाण्यावरून गेलं तेव्हा खाली सावली पडली होती का? मला वाटायचं, आपल्या पॉलिशचं कौतुक ऐकायचंय त्याला. मी थोडक्यात सांगायचो.

माणूस एखाद्या गोष्टीत रमला की चांगला दिसतो, असं म्हणतात. माझं निरीक्षण वेगळं आहे. तो समोरच्या वस्तूपुरता चांगला असतो. त्या तीन आठवड्यांत मी विमानाशी अतिशय चांगला वागलो.

मग गयाबाईचा निरोप आला. उद्याचा दिवस शेवटचा, वेलांनी हात पसरले.

त्या सकाळी ती तिच्या आळ्यांपाशी न थांबता आमच्याजवळ येऊन उभी राहिली. मी म्हणालो, आज पूर्ण वेगात नेणार. हनीफनं हात पँटला पुसले, विमान घेतलं आणि फेकलं. मी उंच नेलं, वळवलं आणि खाली झुकवून मोकळं सोडलं. ते आमच्यासमोरून गेलं तेव्हा आवाज मागाहून आल्यासारखा वाटला. चार महिन्यांत जे जे काढून टाकलं होतं त्या सगळ्याचा हिशोब त्या एका सरळ रेषेत लागला. मी खूश होतो.

आणि मग पाठीमागून गयाबाईचा आवाज ऐकू यायला लागला. हळू, एका सुरात, लहान लेकराला गाडी दाखवावी तसा.

"आता भिंतीकडं चाललंय. लई लांब गेलं. आता कलतंय. वळायलंय बगा, वळायलंय. आता हिकडं तोंड केलंय. यायलंय... यायलंय... हे गेलं तुमच्या म्होरून. आता पाण्यावर हाय."

"सावली?" हनीफनं विचारलं.

"पडलीय की. सावली बी पळायलीय."

मला वळून बघता येत नव्हतं. नजर काढली असती तर विमान गेलं असतं. मी समोर बघत उभा होतो आणि मागे ती त्याला एकेक वळण सांगत होती. चौकट, चहा, मोटरसायकल, नखांची पाठ, हे सगळं मला त्या दोन मिनिटांत पाठमोऱ्या अवस्थेत कळलं. जी बाई खुरपं घेऊन भांडायला आली होती तिला ते रोपाशेजारी एका नजरेत दिसलं होतं. मला रडू येत होतं, आणि डोळ्यांत पाणी आणायचीही सोय नव्हती.

मी काय केलं ते सांगतो. विमान हनीफच्या जवळून न्यायचं ठरवलं. अगदी जवळून, डोक्याच्या उंचीवर, जमेल तितकं हळू. एकदा तरी त्याला दिसलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. मोटार बंद केली. कडा थोड्या वर घेतल्या. विमान मंद होत आमच्याकडे आलं, बरंच मंद, मी ते इतकं मंद कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर वाटलं, जमलं. हळू होणं त्याच्यात ठेवलेलंच नव्हतं, हे मला माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. वीस पावलांवर डावा पंख कलंडला, विमान उलटं झालं आणि नाकावर गाळात गेलं.

हनीफ गयाबाईच्या आधारानं चालत आला, खाली बसला आणि त्यानं हातानं विमान शोधलं. पंख मुळाशी मोडला होता. विनिअर चिरून आतला पांढरा थर्माकोल दिसत होता. त्यानं मोडलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. आता तो डोळ्यांचं सांगेल, मग मी काय म्हणायचं, खांद्यावर हात ठेवायचा का.

"हळू कावून केलंस?" तो म्हणाला.

मी म्हणालो, "तुला दिसावं म्हणून."

त्यानं बोटांचा गाळ पँटला पुसला. मग माझ्याकडे तोंड केलं, साधारण माझ्याकडे, आणि चिडून म्हणाला,

"मला दिसाया पायजे म्हणून कोण म्हणलं बे? त्याला पळाया पायजे हुतं. चार महिने मी घासलं ते पळाया घासलं. पळत हुतं ना! सगळं कळायलतं मला. तू मधीच कावून मोडलंस?"

चार महिने हाताची सालं काढून त्यानं जे मिळवलं होतं ते त्याला मिळत होतं, पूर्ण मिळत होतं, आणि मला त्याची कीव आली म्हणून मी ते अर्ध्यावर तोडलं. त्याआधीचं न बघणं मी स्वतःला माफ करू शकतो, धांदल होती, नाद होता. कीव आली ते माफ करता येत नाही. लाज वाटली. अजून वाटते.

पुढच्या दोन वर्षांत पाणी मागे सरकलंच नाही, निदान वेळेवर नाही. या काळात हनीफनं पॉलिशचं काम भाच्याकडे सोपवलं. आता तो पॉलिशच्या दुकानात बसतो आणि भाच्यानं घासलेल्या फळीवर नखांची पाठ ओढून ती परत पाठवतो. नवं विमान आम्ही गेल्या पावसाळ्यात सुरू केलं. ते त्यानं पूर्ण हाताच्या अंदाजानं केलंय. माझ्या काट्यावर ते आधीच्यापेक्षा अकरा ग्रॅमनं हलकं भरलं.

काल तळ्यावरून आल्यावर मी त्याच्या दुकानात गेलो. जमीन वजन पेलतेय म्हणून सांगितलं. त्यानं चहा मागवला. गयाबाईला निरोप धाडायचा का विचारलं, त्यानं धाडला असल्याचं सांगितलं. मग बशीतला चहा संपवून म्हणाला,

"परवा जाऊ. अन् हे बघ, यंदा माझ्याकडं ध्यान द्यायचं न्हाई. तू म्होरं बघ."